रिसॉर्टच्या खोलीत फ्रिज नाही, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोलीत फ्रिज नाही हे बहुतेकांना बुकिंग झाल्यावर कळतं, काहींना तर थेट खोलीचं दार उघडल्यावर. मुलं पोहायला पळालेली असतात आणि मोठी माणसं हातात दुधाची पिशवी नि औषधाची बाटली धरून उभी असतात. वाचकांकडून याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. तापमानाचे आकडे सगळे सेल्सिअसमध्ये आहेत. औषधांबद्दल लिहिलंय ते सर्वसाधारण आहे. तुमच्या औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक वेगळं सांगत असेल तर तेच खरं माना.

१. खोलीत फ्रिज आहे की नाही हे आधी कसं कळणार? वेबसाइटवर नुसतं "मिनीबार" लिहिलंय.

मिनीबार म्हणजे विकायच्या पेयांनी भरलेला छोटा फ्रिज. फोन करून विचारा, आणि "फ्रिज आहे का?" एवढ्यावर थांबू नका, कारण त्याला "हो" म्हणणं सोपं असतं. तीन गोष्टी विचारा. आमचं सामान ठेवायला रिकामा फ्रिज मिळेल का? खोलीतून बाहेर पडताना खोलीची वीज चालू ठेवणारं की-कार्ड काढलं तरी तो चालू राहतो का? आणि खोलीत नसेल तर मागवता येतो का? तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर ते ईमेलवर लेखी घ्या. फोनवर बोललेली व्यक्ती तुम्ही पोहोचता तेव्हा ड्युटीवर असेलच असं नाही.

२. फ्रिज नसेल तर नेमकं काय अडतं? यादी करायला बसलं की सगळंच फ्रिजमधलं वाटतं.

घरी फ्रिज आहे म्हणून आपण त्यात सगळंच ठेवतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना त्याची गरज नसते. यादीचे तीन भाग करा. पहिला, गार राहिलं नाही तर माणूस आजारी पडेल किंवा औषध निकामी होईल अशा वस्तू: काही औषधं, बाळाचं तयार दूध, उघडलेलं दूध, शिजवलेलं अन्न, मांस-मासे, कापलेली फळं. दुसरा, गार असलं तर बरं वाटतं एवढंच: पाणी, सरबतं, चॉकलेट. तिसरा, बाहेर खुशाल राहणाऱ्या वस्तू: अख्खी फळं, ब्रेड, बिस्किटं, सुका मेवा, शेंगदाण्याचं बटर, जॅम, केचपच्या पुड्या.

पहिला भाग बहुतेक कुटुंबांत दोन-तीन वस्तूंचा निघतो, कित्येकदा एकाच. सगळी खटपट तेवढ्यापुरती करायची. जे लोक तिन्ही भागांसाठी एकच मोठी सोय शोधत बसतात त्यांची दमछाक होते, आणि गंमत म्हणजे महत्त्वाची बाटली नेमकी सरबतांच्या खाली दबलेली असते.

३. शिजवलेलं अन्न बाहेर किती वेळ चालतं?

२ तास. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न एक तर ५ च्या खाली गार हवं किंवा ६० च्या वर कडकडीत गरम. मधलं "कोमट आहे, चालेल" हेच सगळ्यात वाईट.

हा वेळ खोलीवर आल्यापासून मोजायचा नाही. टेबलावर गेलेला तास, पार्सलच्या डब्यातली वीस मिनिटं, लिफ्टसमोर गेलेला वेळ, सगळं त्यात धरायचं.

४. रात्रीच्या जेवणातलं उरलेलं पार्सल करून आणलं. वास बरा येतो. सकाळी नीट गरम करून खाल्लं तर?

नको. माणसाला आजारी पाडणारे जिवाणू पुष्कळदा वासात, रंगात किंवा चवीत काहीच बदल करत नाहीत. आणि गरम करून भागत नाही याचंही कारण आहे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अन्नात वाढताना जे विष सोडतो ते उकळल्यानेही नष्ट होत नाही. भातात आणि पास्त्यात आढळणाऱ्या बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवताना तग धरतात, भात कोमट राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात, आणि उलट्या घडवणारं त्याचं विषही उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे तुम्ही जिवाणू मारता, विष मात्र ताटात तसंच राहतं.

त्यापेक्षा जेवताना कमी मागवा. मुलांचं पोट अर्ध्यावर भरतं हे माहीत असतं, तर दोघांत एक ताट सांगा आणि लागलं तर पुन्हा मागा. रात्री दहाला भूक लागणारच असेल तर प्रश्न १८ मधल्या वस्तू खोलीत ठेवा.

५. एसी १८ वर लावून ठेवला तर खोलीच फ्रिज होईल ना?

नाही. १८ अंश म्हणजे वर सांगितलेल्या ५ ते ६० च्या धोक्याच्या पट्ट्यातच. शिवाय बऱ्याच ठिकाणी कार्ड काढलं की एसी बंद होतो आणि दुपारभरात खोली बाहेरच्या हवेइतकी तापते. एसीचा उपयोग दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातल्या वस्तूंना होतो: चॉकलेट वितळत नाही, केळी एका दिवसात काळी पडत नाहीत. "थंड, कोरड्या जागी ठेवा" एवढंच लिहिलेल्या गोळ्यांनाही तो पुरतो, खोली तुम्ही नसतानाही थंड राहणार असेल तर.

६. मिनीबारमधल्या बाटल्या काढून तिथे आपलं सामान ठेवलं तर?

दोन अडचणी. काही मिनीबारमध्ये सेन्सर असतात. बाटली उचलून काही वेळ बाहेर ठेवली की ती तुमच्या बिलात जाते. म्हणून हात लावण्याआधी रिसेप्शनला सांगून तो रिकामा करून घ्या.

दुसरी अडचण मोठी आहे. बरेच मिनीबार आवाज होऊ नये म्हणून घरच्या फ्रिजसारखे कॉम्प्रेसरवर चालत नाहीत. त्यांची गार करण्याची ताकद कमी असते, दार उघडलं की पुन्हा गार व्हायला फार वेळ लागतो, आणि आतलं तापमान ५ च्या वरच राहणं अगदी शक्य आहे. सरबताला ते चालतं, इन्सुलिनच्या साठ्याला किंवा बाळाच्या दुधाला भरवशाचं नाही. एक छोटा फ्रिज-थर्मामीटर सोबत ठेवा. रात्री आत ठेवून सकाळी आकडा बघा, आणि दुपारी फिरून आल्या आल्या पुन्हा बघा. दुपारचा आकडा चढलेला असेल तर कार्डासोबत मिनीबारची वीजही जाते असं समजा. मग रिसेप्शनला सांगून कायम चालू राहणारा सॉकेट कुठला ते विचारा, किंवा दुसरं कार्ड मागा.

७. रिसॉर्टवाल्यांकडे फ्रिज मागितला तर देतात का? काय सांगून मागायचा?

खरं कारण सांगून. औषध असेल किंवा सोबत तान्हं बाळ असेल तर अनेक ठिकाणी छोटा फ्रिज खोलीत आणून देतात. तेवढ्यासाठी त्यांच्याकडे दोन-चार ठेवलेले असतात. ते संपण्याआधी तुमचं नाव लागावं म्हणून बुकिंगच्या वेळी एकदा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी एकदा, असं दोनदा सांगा.

फ्रिज नसेल तर स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये जागा मागा. इथे लोक घाईत बाटली रिसेप्शनच्या हातात देऊन मोकळे होतात आणि घोळ तिथेच होतो. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात वस्तू घाला, डब्यावर नाव, खोली क्रमांक, परत घेण्याची तारीख आणि मोठ्या अक्षरांत "फ्रीजरमध्ये ठेवू नये" असं लिहा. चांगल्या हेतूने कोणीतरी डबा "जास्त गार राहील" म्हणून फ्रीजरमध्ये टाकतो आणि औषध गोठून वाया जातं. डबा रात्री कोण काढून देणार, स्वयंपाकघराला कुलूप किती वाजता लागतं, हेही लगेच विचारून घ्या. रात्री लागणारा डोस कुलपाआड गेला तर सोय असून नसल्यासारखी.

८. आइसबॉक्स नेतो, पण बर्फ दुपारपर्यंत पाणी होतो. भरण्यात काही चुकतंय का?

बहुधा हो, आणि बहुधा एकच गोष्ट: गरम सामान. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं १ किलो पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. बर्फाची ताकद एवढी मोठी आहे, पण आपण ती भलतीकडे उडवतो. ३० अंशांवरच्या एकेक लिटरच्या ६ बाटल्या ५ अंशांवर आणायला जवळजवळ २ किलो बर्फ खर्ची पडतो. म्हणजे दुकानातून आणलेल्या कोमट बाटल्या खोक्यात टाकल्या की दुधासाठी आणलेला बर्फ बाटल्यांनीच खाल्ला. आत जाणारी प्रत्येक वस्तू आधी गार केलेली हवी. खोकाही आदल्या रात्री थोडा बर्फ टाकून गार करून ठेवा.

दुसरं, खोके दोन करा. पेयांचा वेगळा, कारण मुलं तो दर दहा मिनिटांनी उघडतात. दुधा-औषधांचा वेगळा, छोटा असला तरी चालेल, दिवसात तीन-चारदाच उघडायचा. माझ्या मते बाकी सगळ्या युक्त्यांहून ही एकटी जास्त कामाची आहे.

तिसरं, बर्फाचा आकार. मोठी लादी सावकाश वितळते, चुरा चटकन गार करतो पण चटकन संपतो. पाणी भरून गोठवलेल्या बाटल्या सगळ्यात सोयीच्या: लादीचं काम करतात, गळत नाहीत, वितळल्यावर पिता येतात. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरू नका.

रिकामी जागा टॉवेलने भरा. गार हवा खाली बसते, म्हणून गोठवलेल्या बाटल्या खाली आणि बाजूंना तर ठेवाच, पण एक वरही ठेवा. खोका सावलीत, जमिनीपासून थोडा उंच. वितळलेलं पाणी गार असेपर्यंत ओतून देऊ नका, तेही गारवा धरून असतं. फक्त अन्न त्यात बुडणार नाही एवढं पाहा. आणि खोका गाडीत सोडून जाऊ नका. उन्हातली बंद गाडी तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा २० अंशांहूनही जास्त तापू शकते.

दुसऱ्या दिवसाचा बर्फ कुठून? जेलपॅकचे, म्हणजे गोठवून वापरायच्या जेलच्या पिशव्यांचे, दोन संच न्या. एक खोक्यात, एक रिसॉर्टच्या फ्रीजरमध्ये, रोज सकाळी अदलाबदल. फ्रिजमध्ये जागा द्यायला कुरकुरणारी मंडळीही दोन जेलपॅक गोठवायला सहसा नाही म्हणत नाहीत.

९. मजल्यावरच्या मशीनचा बर्फ पिण्यात टाकला तर चालेल?

गार करायला वापरा, पोटात घालण्याआधी विचार करा. गोठल्याने जंतू मरतात हा गैरसमज आहे. बर्फ त्याच्या पाण्याइतकाच स्वच्छ असतो, आणि मशीन, खोरं, बादली यांच्या स्वच्छतेचा त्यात आणखी वाटा. खोलीतल्या बर्फाच्या बादलीत आधी स्वच्छ पिशवी अंथरा आणि बर्फ तिच्यात घ्या. दुधाची बाटली किंवा बाळाचं काही त्या बर्फात ठेवायचं तर झिपच्या पिशवीत बंद करून, बूच आणि निपल बर्फाला लागणार नाहीत असं.

१०. विमानाने आलोय, आइसबॉक्स नाही. खोलीत जे आहे त्यावर काय जमेल?

रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास असेल तर तोच तुमचा छोटा आइसबॉक्स. दहा मिनिटं बर्फाचं पाणी भरून आतून गार करा, ओता, मग बर्फ भरा. चांगल्या थर्मासात रात्रीचा बर्फ सकाळी शिल्लक असतो. बेसिनला बूच लावून त्यात बर्फ नि पाणी भरलं तर पेयांची सोय होते. बाजारात घडी घालता येणाऱ्या इन्सुलेटेड पिशव्या मिळतात, त्या बॅगेत सपाट मावतात. पुढच्या वेळी एक टाकून ठेवाच.

ओल्या कपड्यात गुंडाळून पंख्याखाली ठेवण्याची जुनी युक्ती आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता जाते, त्यावर ती चालते, म्हणूनच कोरड्या हवेत छान चालते आणि समुद्रकिनाऱ्याच्या दमट हवेत जवळजवळ काहीच करत नाही. कोरड्या हवेतही ती वस्तू हवेपेक्षा काही अंश गार ठेवेल, ५ अंशांपर्यंत नेणार नाही. पाणी, फळं, लोणी यांच्यासाठी ठीक; दूध आणि शिजवलेलं यांच्यासाठी नाही.

११. मुलांना पेय आत्ताच्या आत्ता गार हवंय.

बादलीत बर्फ, त्यात पाणी, वर मूठभर मीठ. मिठाने मिश्रण शून्याच्या खाली जातं आणि पाण्यामुळे बाटली सगळीकडून गारव्याला भिडते. बाटली आत फिरवत राहा, काही मिनिटांत गार होते. उघडण्याआधी बाहेरून पुसा, नाहीतर पहिला घोट खारट.

१२. मोठ्या मुलांना सकाळ-संध्याकाळ दूध लागतंच. कसं करायचं?

अतिउच्च तापमानावर प्रक्रिया करून निर्जंतुक खोक्यात भरलेलं दूध न्या. न उघडलेलं खोकं छापलेल्या मुदतीपर्यंत बाहेर राहतं. उघडल्यावर मात्र ते कुठल्याही दुधासारखंच नासतं आणि त्याला २ तासांचाच नियम लागू होतो, म्हणून लिटरचं खोकं घेऊ नका. एका वेळी संपेल असं २०० मिलीचं किंवा त्याहून छोटं घ्या. दुधाची पावडर हा दुसरा मार्ग, ती ऐनवेळी कालवायची. चहा-कॉफीपुरतं दूध हवं असेल तर रेस्टॉरंटमधून छोट्या जगमध्ये मागणं सगळ्यात सोपं.

१३. बाळ फॉर्म्युलावर (पावडरच्या दुधावर) आहे. रात्रीच्या बाटल्या आधीच भरून ठेवल्या तर?

फ्रिजशिवाय नाही. तयार केलेलं फॉर्म्युला २ तासांत वापरायचं, आणि बाळाने तोंड लावल्यावर १ तासात. उरलेलं ओतून द्यायचं. कोमट दूध थर्मासात भरून ठेवणं तर मुळीच नको. थर्मास ते तासन् तास अशाच तापमानाला धरून ठेवतो जिथे जिवाणू जोमाने वाढतात.

उलटं करा. धुऊन उकळलेल्या कोरड्या बाटल्या, प्रत्येक वेळेची पावडर मोजून छोट्या डब्यांत, आणि थर्मासात कडकडीत पाणी. रात्री बाळ उठलं की कालवायचं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना निदान ७० अंशांच्या पाण्यात ती कालवायला सांगते. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरलं तर ते सहसा तेवढं गरम असतं. थर्मासातलं पाणी रात्रभरात किती उतरतं हे घरीच एकदा थर्मामीटर घालून बघून ठेवा. कालवल्यावर बंद बाटली थंड पाण्याखाली धरून कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून पाहा.

अगदी लहान, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर कालवावं लागणार नाही असं तयार द्रवरूप फॉर्म्युला मिळतं का ते डॉक्टरांना विचारा.

१४. काढून ठेवलेलं आईचं दूध किती टिकतं?

ताजं काढलेलं, २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास. गोठवलेल्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत २४ तास. फ्रिजमध्ये ४ दिवस. गोठवून वितळवलेलं दूध बाहेर १ ते २ तासच चालतं आणि ते पुन्हा गोठवायचं नसतं. बाटलीवर वेळ लिहा. सुट्टीत वार विसरतात, वेळेचं तर काय.

खोली २५ च्या वर असेल तर ४ तासांवर विसंबू नका, थेट पिशवीत ठेवा. पॅक नव्याने गोठवून मिळण्याची व्यवस्था प्रश्न ८ च्या शेवटी आहे, आणि स्वयंपाकघरात डबा ठेवायचा असल्यास प्रश्न ७ वाचा.

१५. इन्सुलिनचं काय? चार दिवस फ्रिज नाही म्हणजे सहल रद्द करायची का?

बहुतेकांना नाही. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा असतो, पण वापरात असलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत २५ किंवा ३० अंशांखाली सुमारे २८ दिवस चालतं. काही प्रकारांना याहून जास्त मुदत असते, काही मिश्र इन्सुलिनांच्या पेनला बरीच कमी. तुमच्या पत्रकावरचा आकडा बघा आणि बाहेर काढल्याची तारीख पेनवर चिकटवा. लहान सहलीत प्रश्न फ्रिजचा नसतोच, उन्हाचा असतो. खोली थंड असताना पेन सुखरूप, आणि तेच पेन किनाऱ्यावरच्या पिशवीत तासभर तापलं तर बिघडू शकतं.

पाण्यात भिजवून वापरायच्या खास पिशव्या मिळतात. आतल्या कणांत पाणी मुरतं आणि वाफ होताना पिशवी गार राहते. त्या फ्रिजचं तापमान देत नाहीत, वापरातलं इन्सुलिन फार तापू देत नाहीत एवढंच. हवा लागली तरच चालतात, म्हणून घट्ट बॅगेत कोंबू नका, आणि दमट हवेत त्यांचा जोर कमी पडतो.

बर्फ वापरायचा तर मध्ये जाड कापड हवंच. गोठलेलं इन्सुलिन वितळून नेहमीसारखं दिसलं तरी वापरायचं नाही. विमानात ते हातातल्या बॅगेतच. खालच्या सामानात गोठण्याचा आणि हरवण्याचा, दोन्ही धोके. जास्तीचा साठा असेल तर तो मात्र स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये द्या. सगळं एकाच जागी ठेवू नका.

१६. मुलाचं अँटिबायोटिक सिरप चालू आहे. सगळीच सिरपं फ्रिजमध्ये ठेवायची असतात ना?

नाही, आणि इथे सरसकट नियम लावला तर फसायला होतं. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड यांचं एकत्र सिरप पाणी घालून तयार केल्यावर फ्रिजमध्येच लागतं. ॲझिथ्रोमायसिनचं सिरप बाहेर चालतं. क्लॅरिथ्रोमायसिनचं तर फ्रिजमध्ये ठेवायचंच नसतं.

निघण्याआधी डॉक्टरांना सांगा की तिथे फ्रिज नाही. बाहेर टिकणारा पर्याय असेल तर ते देऊ शकतात. कोर्स तिथे पोहोचून सुरू व्हायचा असेल तर बाटली कोरड्या पावडरच्या रूपात न्या आणि तिथेच पाणी घाला. ॲलर्जीसाठीची ॲड्रेनालिनची पेनं फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवू नका. त्यांना साधं खोलीचं तापमान लागतं आणि ती कायम सोबतच हवीत, कुणाच्या फ्रिजमध्ये नकोत.

मुलाला जुलाब झाले आणि जलसंजीवनी कालवली, तर ती झाकून ठेवा, २४ तासांनी उरलेली ओतून नवी करा.

१७. विमानात जेलपॅक नेऊ देतात का? आणि कोरडा बर्फ?

पुष्कळ विमानतळांवर जेलपॅक दगडासारखा गोठलेला असेल तर अडचण येत नाही, अर्धवट वितळला की तो द्रव ठरतो आणि १०० मिलीच्या मर्यादेत अडकतो. औषधं आणि बाळाचं दूध यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, पण ती मागावी लागते: बॅगेतून वेगळं काढा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. नियम देशागणिक आणि कंपनीगणिक बदलतात, तिकीट काढल्यावर लगेच विचारा.

कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा. विमान कंपनीच्या परवानगीने माणशी २.५ किलोपर्यंत नेता येतो, वायू बाहेर पडेल अशाच खोक्यात. कुटुंबाच्या सहलीला मी तो सुचवणार नाही. उघड्या हाताला इजा करतो, घट्ट डब्यात भरला तर डबा फुटतो, आणि मुलं झोपलेल्या बंद खोलीत तो वायू साठणं धोक्याचं.

१८. मग खोलीत खायला ठेवायचं तरी काय? बफेवरून उचलून आणलं तर?

अख्खी फळं आणा: सफरचंद, संत्री, केळी. कापलेलं कलिंगड नको, त्याला २ तासांचा नियम आहे. बंद पुडीतलं लोणी, जॅम, चीजची वेगवेगळी गुंडाळलेली वडी काही तास बरी राहते. दही, कापलेलं मांस, अंडी, क्रीमचे पदार्थ जागेवरच खा. उकडलेलं अंडं कवचात सुरक्षित आहे असं पुष्कळांना वाटतं. उकडल्यावर त्याचं संरक्षण कमी होतं, तेही २ तासांतलंच. बफेवरून बाहेर न्यायला परवानगी आहे का ते मात्र विचारा, फळाला सहसा कोणी अडवत नाही.

खरेदी रोजची रोज आणि कमी. मोठं पाकीट स्वस्त पडतं खरं, पण अर्धं फेकलं तर महागच.

१९. स्वतःचा छोटा फ्रिज नेला तर?

गाडीने जात असाल आणि औषधाची खरी गरज असेल तर कॉम्प्रेसरवर चालणारा, गाडीत आणि खोलीत दोन्हीकडे लागणारा फ्रिज उपयोगी आहे. महाग आणि जड, पण गार करतो. स्वस्त, हलके, विजेवर चालणारे "कूलर" आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा ठरावीक अंशच खाली आणतात. बाहेर ३५ असेल तर आत ५ मिळणं कठीण. यूएसबीवर चालणारे तर नुसती शोभा. नेण्याआधी रिसॉर्टला विचारा, काही ठिकाणी खोलीत स्वतःची उपकरणं लावायला मनाई असते.

२०. थंड हवेच्या ठिकाणी जातोय. बाल्कनीत ठेवलं की झालं?

रात्री होईल, दुपारी नाही. ऊन पडलेली बाल्कनी हवेपेक्षा पुष्कळ तापते आणि पहाटे तीच गोठणबिंदूच्या खाली जाते. पेयं खुशाल ठेवा, काचेच्या बाटल्या सोडून. दूध थर्मामीटर ठेवून, सावलीच्या बाजूला, झाकणाच्या खोक्यात. औषधं कधीच नाही. आणि उघडी पिशवी पक्षी-माकडांना फार लवकर सापडते.

२१. वाढदिवस तिथेच आहे. केक कसा सांभाळायचा?

सांभाळू नका, उशिरा आणा. रिसॉर्टलाच करायला सांगा आणि कापायच्या वेळी आणायला लावा. बाहेरून आणायचाच असेल तर ताज्या क्रीमचा किंवा फळांचा नको. साधा, वर क्रीम नसलेला केक झाकून दिवसभर बाहेर राहतो.

२२. सकाळी पाहिलं तर खोक्यातला सगळा बर्फ वितळलेला. सगळं फेकायचं?

आधी थर्मामीटर. आकडा ५ किंवा खाली असेल तर काहीच बिघडलेलं नाही, नवा बर्फ भरा. वर असेल आणि किती वेळ वर होता हे सांगता येत नसेल, तर दूध, दही, मांस-मासे, शिजवलेलं, कापलेली फळं फेका. लोणी, कडक चीज, जॅम, केचप, अख्खी फळं ठेवा. थर्मामीटर नसेल आणि पाण्यात अजून बर्फाचे तुकडे तरंगत असतील तर त्यात टेकलेल्या वस्तू गार आहेत. वरच्या थरातल्यांची खात्री नाही. आईच्या दुधाला प्रश्न १४ मधले तास लावा, इन्सुलिनसाठी प्रश्न १५ पाहा. ते नुसतं खोलीच्या तापमानाला आलं असेल तर बहुधा फेकावं लागत नाही, त्या दिवसापासून मुदत मोजायला लागायची.

२३. पहाटे निघायचंय आणि डबा स्वयंपाकघराच्या फ्रिजमध्ये आहे.

आदल्या रात्री कुलूप लागण्याआधी आणा. जेलपॅक मात्र शेवटच्या क्षणापर्यंत फ्रीजरमध्ये हवेत, म्हणून ते रात्रपाळीच्या माणसाकडून किती वाजता मिळतील ते ठरवून घ्या आणि रिसेप्शनच्या वहीत लिहायला लावा. पॅक मिळणारच नसतील तर रात्रीच मशीनचा बर्फ दोन झिपच्या पिशव्यांत, एकीत एक घालून भरा, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि थर्मास किंवा खोक्यात ठेवा. खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला, कडीजवळ, "डबा" असं लिहून चिकटवा. स्वयंपाकघरात मागे राहिलेल्या औषधासाठी अर्ध्या रस्त्यातून परतलेल्यांची पत्रं आम्हाला नेहमी येतात.